ग्राफिक कार्ड आहे, पण काम इंटेलच करतंय: लॅपटॉप एनव्हिडियावर नेतानाच्या नोंदी

मशीन: सेकंडहँड गेमिंग लॅपटॉप, सांगलीत 36,000 रुपयांना घेतलेला. इंटेल आय-5 9300एच (चार कोर, आठ थ्रेड), त्यातच यूएचडी 630 हे ऑनबोर्ड ग्राफिक्स. सोबत एनव्हिडिया जीटीएक्स 1650, 4 जीबी. रॅम 8 जीबी, एकच पट्टी. विंडोज 11.

काम: घरांचे प्लॅन आणि थ्री-डी एलिव्हेशन. मॉडेल स्केचअपमध्ये, रेंडर (मॉडेलवरून खरं वाटणारं चित्र) ब्लेंडर 4.1 मध्ये, सायकल्स या त्याच्या रेंडर इंजिनवर. कार्ड आहे म्हणूनच हा लॅपटॉप घेतला, आणि नेमकं तेच कार्ड काम करत नव्हतं.

शनिवार, 8 जून 2024

टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सचा टॅब पाहिला. जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सचे प्रोसेसर, दोन दिसतात: जीपीयू 0 म्हणजे इंटेल, जीपीयू 1 म्हणजे एनव्हिडिया. रेंडर चालू असताना सीपीयू 100 टक्के, इंटेल थोडंफार हलतंय, एनव्हिडिया शून्यावर. स्केचअपमध्ये झाडं टाकली की मॉडेल फिरवताना दोन-दोन सेकंद अडकतं, तेव्हाही एनव्हिडिया शून्यच.

काही बदलण्याआधी मोजमापाची फाइल ठरवली. तासगावच्या बंगल्याचं समोरचं एलिव्हेशन, 1920 बाय 1080, दर पिक्सेलला 256 सॅम्पल (प्रकाशाचे नमुने), डिनॉइज (चित्रातले कण पुसणं) बंद. आज लागलेला वेळ: 48 मिनिटं. ही फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि तिला पुढे हात लावला नाही. ‘आता जरा फास्ट वाटतंय’ या भरवशावर सेटिंगं बदलत बसलं की शेवटी कशाने काय झालं ते कळत नाही.

रविवार, 9 जून

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तोच: बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंगं) जाऊन इंटेल बंद करू, म्हणजे सगळं कार्डावरच चालेल.

बायोसला हात लावण्याआधी सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहून घ्या. चालू असेल तर बिटलॉकरची 48 अंकी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. बायोसमधल्या बदलानंतर विंडोज ती मागू शकतं, आणि सेकंडहँड मशीनला आधीच्या मालकाचं अकाउंट जोडलेलं असेल तर ती की त्याच्याकडे असते. माझ्याकडे विंडोज नव्याने टाकलेलं होतं, एन्क्रिप्शन बंद होतं.

बायोसचं पान अन् पान चाळलं. ग्राफिक्स नावाचा पर्यायच नाही. बायोस अपडेट करून पाहिला, तरी नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटेल यूएचडी 630 वर राइट क्लिक करून डिसेबल केलं. स्क्रीन एकदा काळी झाली आणि परत आली ती वेगळ्याच रूपात: अक्षरं फुगलेली, ब्राइटनेसची पट्टी गायब, डिस्प्लेच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’. एनव्हिडियाचं कंट्रोल पॅनल उघडायला गेलो तर निरोप आला की तुमचा डिस्प्ले एनव्हिडियाच्या जीपीयूला जोडलेलाच नाही. इंटेल परत एनेबल केलं, सगळं पूर्ववत.

तो निरोप शब्दशः खरा होता. एनव्हिडियाने फेब्रुवारी 2010 मध्ये ऑप्टिमस (दोन्ही ग्राफिक्स मिळून चालवण्याची पद्धत) आणलं, तेव्हापासून बहुतेक लॅपटॉपांत स्क्रीनची तार इंटेललाच जोडलेली असते. कार्ड चित्र तयार करतं, तयार फ्रेम इंटेलच्या मेमरीत टाकतं आणि इंटेल ती स्क्रीनवर दाखवतं. बोअर कितीही जोरदार असला तरी नळाला पाणी टाकीतूनच येतं, तसं. टाकी काढून टाकली की बोअरचा उपयोग शून्य.

काही मशीनमध्ये बोर्डावर मक्स नावाचा स्विच असतो. तो स्क्रीनची तार इंटेलवरून उचलून थेट कार्डाला जोडतो. अशा मशीनच्या बायोसमध्ये किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ‘हायब्रिड’ आणि ‘डिस्क्रीट’ असे पर्याय सापडतात. लेनोव्होच्या लीजनमध्ये असतात, जुन्या थिंकपॅड डब्ल्यू मालिकेतही होते. तुमच्यात असेल तर काम सोपं, पण डिस्क्रीटवर टाकल्यावर इंटेल पूर्ण झोपतं. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना इंटेलचं क्विक सिंक (व्हिडिओ झटपट एन्कोड करणारी सोय) मिळत नाही आणि बॅटरी चांगलीच घटते.

माझ्यात मक्स नाही. म्हणजे अख्खा लॅपटॉप कार्डावर नेणं इथेच संपलं. आता एकेक प्रोग्राम न्यायचा.

मंगळवार, 11 जून

ब्लेंडरमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, सिस्टीम इथे गेलो. ‘सायकल्स रेंडर डिव्हाइसेस’मध्ये कुडावर (एनव्हिडियाच्या कार्डावर हिशेब चालवण्याची पद्धत) क्लिक केलं तर सायकल्सला चालणारा जीपीयू सापडला नाही म्हणे, आणि खाली ड्रायव्हरची कमीत कमी कोणती आवृत्ती हवी ते लिहिलेलं. माझा ड्रायव्हर 2020 सालचा निघाला.

जुना ड्रायव्हर नीट काढण्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, वापरला. हा सेफ मोडमध्ये चालवायचा असतो. सेफ मोडमध्ये विंडोजचा पिन चालला नाही तर अकाउंटचा पासवर्ड लागतो, तो आठवतोय का ते आधी तपासा.

पहिल्या वेळी वायफाय चालू राहिलं होतं. डीडीयूनंतर मशीन सुरू झालं, मी नवा ड्रायव्हर इन्स्टॉल करायला घेतला आणि त्याच वेळी मागून विंडोज अपडेटही आपला ड्रायव्हर उतरवून बसवत होतं. शेवटी अर्धं हे अर्धं ते झालं आणि कंट्रोल पॅनल उघडेना. संध्याकाळ त्यातच गेली.

चाललेला क्रम असा. नवे ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवले, इंटेलचाही आणि एनव्हिडियाचाही. फ्लाइट मोड चालू. सेफ मोडमध्ये डीडीयू. परत नॉर्मल मोड, पण नेट बंदच. आधी इंटेलचा ड्रायव्हर, रीस्टार्ट, मग एनव्हिडियाचा. एनव्हिडियाचे दोन प्रकार मिळतात, गेम रेडी आणि स्टुडिओ. ब्लेंडरसारख्या कामासाठी स्टुडिओ घेतला. इन्स्टॉल करताना ‘कस्टम’मध्ये जाऊन ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ला टिक. सगळं संपल्यावर नेट चालू.

कुडाच्या टॅबमध्ये जीटीएक्स 1650 चं नाव दिसलं.

बुधवार, 12 जून

स्केचअप आणि ब्लेंडरला कार्ड नेमून दिलं. जागा: सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स. तिथे डेस्कटॉप अ‍ॅप निवडून ब्राउझ करायचं, प्रोग्रामची ईएक्सई फाइल दाखवायची, मग ऑप्शन्समध्ये ‘हाय परफॉर्मन्स’. ही सोय विंडोज 10 मध्ये 2018 च्या एप्रिल अपडेटपासून आहे. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्येही ‘प्रिफर्ड ग्राफिक्स प्रोसेसर’ म्हणून असंच एक सेटिंग असतं, पण आताच्या विंडोजमध्ये अंतिम शब्द विंडोजचा. दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलं तर विंडोजमधलं चालतं. मी फक्त विंडोजमध्येच लिहायचं ठरवलं.

स्केचअप लगेच सुधारलं. झाडांसकट मॉडेल फिरतं, अडकत नाही. टास्क मॅनेजरच्या प्रोसेसेस टॅबमध्ये ‘जीपीयू इंजिन’ हा रकाना लावून घ्या, त्यात प्रोग्रामसमोर ‘जीपीयू 1 - 3डी’ असं सरळ दिसतं.

ब्लेंडर मात्र इंटेलवरच. कारण सापडायला बराच वेळ गेला. ब्लेंडरच्या फोल्डरमध्ये दोन ईएक्सई असतात, एक ‘ब्लेंडर’ आणि एक ‘ब्लेंडर-लाँचर’. स्टार्ट मेनूतला शॉर्टकट लाँचरला बोलावतो आणि लाँचर खऱ्या ब्लेंडरला. मी शॉर्टकटचा माग काढत जाऊन लाँचरला हाय परफॉर्मन्स दिलं होतं. तो आपलं काम करून बाजूला होतो. यादीत खरी ‘ब्लेंडर’ ईएक्सई टाकल्यावर व्ह्यूपोर्ट (मॉडेल फिरवून बघायची खिडकी) कार्डावर आला.

मोजमापाची फाइल लावली. 47 मिनिटं!

व्ह्यूपोर्ट कुठे रंगतो आणि सायकल्स कुठे हिशेब करतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोजच्या सेटिंगने फक्त पहिली बदलते. दुसरीसाठी ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये कुडाखाली कार्डासमोर टिक हवी, आणि शिवाय रेंडर प्रॉपर्टीजमध्ये ‘डिव्हाइस’समोर सीपीयूऐवजी ‘जीपीयू कंप्यूट’ हवं. हे दुसरं सेटिंग फाइलसोबत सेव्ह होतं. म्हणजे जुनी प्रत्येक फाइल उघडली की ती परत सीपीयूवरच. ऑफिसातल्या सगळ्या चालू फाइली एकदा उघडून बदलून घेतल्या.

गंमत म्हणजे उलटंही खरं आहे. व्ह्यूपोर्ट इंटेलवर ठेवला तरी सायकल्स कुडावर चालतं. फक्त रेंडरसाठी धडपडत असाल तर विंडोजच्या सेटिंगची गरजही नाही.

शुक्रवार, 14 जून

रेंडर लावून चहाला गेलो. परत आलो तर आमच्याकडे शिकायला येणारा पोरगा टास्क मॅनेजर उघडून बसलेला.

“सर, परत सीपीयूवरच गेलंय. कार्ड दोन टक्के दाखवतंय.”

मीही पाहिलं, दोनच टक्के. रेंडर थांबवलं, ड्रायव्हर परत टाकला, ब्लेंडर परत टाकलं. दुपार गेली.

रेंडर कार्डावरच होतं, टास्क मॅनेजर दुसरंच काहीतरी दाखवत होता. त्यातल्या जीपीयूच्या पानावर चार छोटे आलेख असतात, त्यात 3डी, कॉपी, व्हिडिओ असे प्रकार. सायकल्सचं काम यांपैकी कशातच मोजलं जात नाही. आलेखाच्या नावाशेजारच्या बाणावर क्लिक करून यादीतून ‘कुडा’ निवडलं की 98 टक्के दिसतात. ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग’ चालू असेल तर यादीत कुडा हे नावच येत नाही.

म्हणून खात्रीसाठी टास्क मॅनेजर सोडून दिला. कमांड प्रॉम्प्टमध्ये एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड द्यायची, ती ड्रायव्हरसोबतच येते. पुढे डॅश एल 1 लावलं की दर सेकंदाला आकडे ताजे होतात. वापर, तापमान, मेमरी, आणि खाली कोणता प्रोग्राम कार्डावर बसलाय त्याची यादी.

रेंडर पूर्ण होऊ दिलं. 27 मिनिटं. 48 च्या मानाने बरं, पण या कार्डाकडून याहून खूप जास्त अपेक्षा होती.

शनिवार, 15 जून

एसएमआयमध्ये क्लॉकही, म्हणजे कार्ड किती वेगाने चालतंय तेही, पाहता येतं (डॅश क्यू, डॅश डी, क्लॉक). रेंडर पूर्ण जोरात, वापर 98 टक्के, आणि क्लॉक 300 मेगाहर्ट्‌झ. या कार्डाचा बूस्ट क्लॉक 1,560 आहे. तापमान जेमतेम 58, म्हणजे गरम होऊन मंदावलंय असंही नाही.

पॉवर प्लॅन बदलून पाहिला, कंट्रोल पॅनलमध्ये ‘प्रिफर मॅक्सिमम परफॉर्मन्स’ देऊन पाहिलं. 300 चा आकडा हलेना.

मग टेबलाखालून चार्जर वर काढला आणि लेबल वाचलं. 19.5 व्होल्ट, 3.33 अँपिअर. गुणाकार केला तर 65 वॉट. आणि लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवर 19.5 व्होल्ट, 6.92 अँपिअर, म्हणजे 135 वॉट. नुसत्या प्रोसेसरचं रेटिंग 45 वॉटचं, कार्ड 50 पर्यंत खातं, वर स्क्रीन, पंखे, बॅटरी चार्जिंग. कमी ताकदीचा चार्जर लागलाय हे बोर्डाला कळतं आणि ते कार्डाचा क्लॉक दाबून ठेवतं. स्क्रीनवर कुठेही इशारा नाही, चार्जिंगचा दिवाही व्यवस्थित लागतो.

विकणाऱ्याला फोन केला.

“चार्जर दुसराच दिलाय की हो तुम्ही.”

“पिन बसतीय न्हवं साहेब? चार्ज हुतंय न्हवं? मग झालं की!”

त्यांच्या दृष्टीने खरंच झालं होतं. 135 वॉटचा ओरिजिनल अडॅप्टर मागवला, 2,900 रुपये. लॅपटॉप कार्डासाठी घेत असाल तर दुकानातच चार्जर उलटा करून लेबल वाचा आणि पोटावरच्या स्टिकरशी ताडून पाहा. त्याला पैसे पडत नाहीत.

गुरुवार, 20 जून

अडॅप्टर आला. मोजमापाची फाइल: 8 मिनिटं 40 सेकंद.

नुसत्या बॅटरीवरही एकदा लावून पाहिलं. क्लॉक परत खाली येतो, आणि 20 मिनिटांनंतर मी ते थांबवलं. बॅटरीवर रेंडरचा नाद सोडा. इकडे पावसात लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टरवर असतानाही आधी लॅपटॉप, मग पंखे असा हिशेब आता करावा लागणार, कारण हा अडॅप्टर पूर्वीच्या दुप्पट खातो.

नवी अडचण: रेंडर सुरू होताना क्लॉक 1,700 च्या आसपास असतो, पाचव्या-सहाव्या मिनिटाला 1,200 वर येतो. तापमान 86. पंख्यांचा आवाज इतका की शेजारच्या झेरॉक्सवाल्याने डोकावून विचारलं.

रविवार, 23 जून

मागचं झाकण उघडलं. खालचे सगळे स्क्रू एकाच लांबीचे नसतात, काढताना कागदावर लॅपटॉपची आकृती काढून त्या त्या जागी ठेवले. सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा.

पंखे वरून स्वच्छ दिसत होते. पंखा उचलल्यावर खरं काय ते दिसलं. पंखा आणि तांब्याची जाळी यांच्या मधल्या फटीत राखाडी धुळीचा सलग थर बसलेला, त्यात केस, तंबाखूचे कण. नखाने एक कोपरा उचलला तर अख्खी पट्टी सोलून निघाली, जाळीच्या मापाची. पलीकडून उजेड आला. आधीच्या मालकाने याच्यावर कार्ड कसं चालवलं असेल कोण जाणे. बहुधा चालवलंच नसेल.

ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेने पंखा सैरावैरा फिरू दिला तर बेअरिंग जाण्याची भीती असते. हीटसिंक काढला, जुनी पेस्ट वाळून भुकटी झालेली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावली. हीटसिंकचे स्क्रू त्यावर कोरलेल्या आकड्यांच्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे. कार्डाच्या मेमरी चिपांवर थर्मल पॅड असतात, ते फाटू न देता जागच्या जागी ठेवले. पेस्ट आणि अल्कोहोल मिळून 620 रुपये.

मोजमाप: 6 मिनिटं 10 सेकंद. तापमान 74 वर स्थिर, क्लॉक शेवटपर्यंत टिकला.

प्रेफरन्सेसमध्ये कार्डासोबत सीपीयूलाही टिक करता येते. दोघं मिळून लवकर करतील असं वाटतं. 6 मिनिटं 50 सेकंद लागली, आणि तापमान परत 80 च्या वर. या मशीनमध्ये दोघांचे हीटपाइप एकच आहेत, सीपीयूची उष्णता कार्डाला भोवते. चार कोरांची मदत तेवढ्या किमतीची नाही. टिक काढली.

कुडाऐवजी ऑप्टिक्स हा एनव्हिडियाचाच दुसरा पर्यायही पाहिला. पहिल्या वेळी कर्नल (कार्डावर चालणारा हिशेबाचा प्रोग्राम) लोड व्हायला काही मिनिटं लागतात, तेव्हा हँग झालंय असं समजून बंद करू नका. वेळेत फरक किरकोळ पडला. जीटीएक्स 1650 मध्ये आरटी कोर (प्रकाशकिरणांच्या हिशेबाचे खास भाग) नाहीत, त्यामुळे ऑप्टिक्सचा मोठा फायदा इथे मिळत नाही.

गुरुवार, 27 जून

तासगावच्या काकांचा फोन. “आषाढीच्या आत बागेसकट चित्र पाहिजे बघा, आईला दाखवायचंय वारीला निघायच्या आधी.” बाग म्हणजे लॉन, नारळ, बोगनवेल, कुंपणाला मेंदी. सगळं टाकून रेंडर लावलं आणि सायकल्स थांबलं: जीपीयूची मेमरी संपली.

सीपीयूवर हे कधी झालं नव्हतं, कारण तिथे रॅम 8 जीबी आणि वर पेजफाइल (डिस्कवरची जादा मेमरी). इथे 4 जीबी, त्यातलं काही विंडोज आणि इतर प्रोग्राम आधीच धरून बसलेले.

मेमरी खाल्ली कशाने? मुख्यतः टेक्स्चरांनी, म्हणजे भिंती-फरशांवर चिकटवलेल्या प्रतिमांनी. 4096 बाय 4096 ची एक प्रतिमा डिस्कवर 5 एमबीची जेपीजी असेल, पण कार्डात ती उलगडून जाते: दर पिक्सेलला 4 बाइट, म्हणजे 64 एमबी. एका भिंतीला रंग, रफनेस, नॉर्मल, डिस्प्लेसमेंट अशा चार प्रतिमा लावल्या की 256. असे दहा-बारा मटेरियल झाले की 4 जीबीचा निकाल लागला. 2048 ची प्रतिमा 16 एमबीतच बसते. समोरच्या दरवाजाचं सागवान सोडलं तर कुठेही 4के लागत नव्हतं. प्रत्येक फाइल हाताने लहान करत बसायची गरज नाही. रेंडर प्रॉपर्टीजमध्ये ‘सिम्प्लिफाय’ चालू करून रेंडरखाली टेक्स्चर लिमिट 2048 केलं.

दुसरी गोष्ट झाडं. शिफ्ट-डी ने केलेली प्रत्येक कॉपी स्वतःची वेगळी जाळी (मेश, म्हणजे वस्तूचा आकार) घेऊन बसते. आल्ट-डी ने केलेल्या कॉपी एकाच जाळीकडे बोट दाखवतात. नारळाची सगळी झाडं आल्ट-डी ने परत लावली. मेंदीचं कुंपण तर अख्खं एकाच तुकड्याच्या कॉप्यांचं केलं.

मेमरी 3.1 जीबीवर आली, रेंडर झालं. ब्राउझर बंद ठेवला होता. काकांनी चित्र पाहून पहिला प्रश्न विचारला तो नारळ उत्तरेला का आहेत हा.

रविवार, 30 जून

ऑफिसातला 24 इंची मॉनिटर एचडीएमआयने जोडला. त्यावर स्केचअप लॅपटॉपच्या स्क्रीनपेक्षाही हलकं फिरतं. का, ते एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये दिसलं. ‘कॉन्फिगर सराउंड, फिजएक्स’ या पानावर कोणता डिस्प्ले कोणत्या जीपीयूला जोडलाय त्याचं चित्रच येतं. लॅपटॉपची स्क्रीन इंटेलखाली, एचडीएमआय थेट जीटीएक्स 1650 खाली. म्हणजे या मॉनिटरवर फ्रेम इंटेलकडून फिरवून आणावी लागत नाही. मक्स नसलेल्या मशीनवर स्क्रीन थेट कार्डाला जोडण्याचा हा एवढाच मार्ग. काही लॅपटॉपांत एचडीएमआयही इंटेललाच जोडलेला असतो, तेव्हा मॉनिटर घेण्याआधी हे पान बघा.

किंमतही आहेच: मॉनिटर जोडलेला असेपर्यंत कार्ड झोपत नाही. टेबलावर चालतं, अडॅप्टर लावलेला असतो.

शनिवार, 6 जुलै

रात्रभर चालणारं रेंडर उबुंटूवर (लिनक्सवर) लावायचं होतं, म्हणजे विंडोज अपडेटचं रीस्टार्ट मध्येच येणार नाही. दुसऱ्या पार्टिशनवर 22.04 टाकलं. अ‍ॅप्टने एनव्हिडिया-ड्रायव्हर-535 घेतला. सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) चालू असल्याने मध्ये एक पासवर्ड मागितला, दिला. रीस्टार्टला निळा पडदा येतो, ‘परफॉर्म मॉक मॅनेजमेंट’, आणि काही सेकंद की दाबायची वाट पाहून पुढे निघून जातो. मी तेव्हा दारात आलेल्या कुरिअरवाल्याला सही देत होतो.

परिणाम: एनव्हिडिया-एसएमआय म्हणतं ड्रायव्हरशी बोलता येत नाही. ड्रायव्हर मशीनवरच बांधला जातो, त्यावर याच मशीनच्या किल्लीची, म्हणजे मॉकची, सही असते, आणि ती किल्ली फर्मवेअरकडे नोंदवलीच गेली नव्हती. ड्रायव्हर काढून परत टाकायची गरज नाही. सुडो मॉकयुटिल, डॅश डॅश इम्पोर्ट, आणि पुढे व्हार, लिब, शिम-साइन्ड, मॉक या फोल्डरातली मॉक डॉट डीईआर फाइल. नवा पासवर्ड, रीस्टार्ट, आणि या वेळी पडद्यासमोर बसून ‘एनरोल मॉक’, कंटिन्यू, येस, पासवर्ड.

पुढचं उबुंटूवर विंडोजपेक्षा सुटसुटीत आहे. ‘सुडो प्राइम-सिलेक्ट एनव्हिडिया’ म्हटलं की सगळं कार्डावर, ‘इंटेल’ म्हटलं की कार्ड बंद, ‘ऑन-डिमांड’ म्हटलं की एरवी इंटेल आणि ज्या प्रोग्रामवर राइट क्लिक करून ग्राफिक कार्ड मागाल तेवढाच कार्डावर. बदलल्यावर रीस्टार्ट. ‘प्राइम-सिलेक्ट क्वेरी’ने सध्या काय चालू आहे ते कळतं. मोजमापाची फाइल 5 मिनिटं 50 सेकंदांत. एवढ्या फरकासाठी कोणी उबुंटूवर यावं असं नाही.

रविवार, 14 जुलै

लॅपटॉप तासगावला साइटवर नेला, काकांना बदल तिथेच दाखवायला. दीड तासात बॅटरी 15 टक्क्यांवर. पूर्वी एवढ्या वेळात निम्मीही जात नव्हती.

साइटवरच एनव्हिडिया-एसएमआय चालवून पाहिलं, तर कार्ड जागं. पण या तपासणीत एक खोट आहे: ही कमांड स्वतःच झोपलेल्या कार्डाला उठवते. त्याऐवजी कंट्रोल पॅनलच्या डेस्कटॉप मेनूतून ‘डिस्प्ले जीपीयू अ‍ॅक्टिव्हिटी आयकॉन’ला टिक केली. घड्याळाशेजारी छोटं चिन्ह येतं, त्यावर क्लिक केलं की या क्षणी कार्ड कोण वापरतंय त्यांची नावं.

तीन नावं होती. स्केचअप, ते अपेक्षितच. ब्राउझर, आणि व्हॉट्सअ‍ॅपचं डेस्कटॉप अ‍ॅप. 15 जूनला 300 मेगाहर्ट्‌झच्या मागे लागलो होतो, तेव्हा कंट्रोल पॅनलच्या ग्लोबल सेटिंग्जमध्ये ‘प्रिफर्ड ग्राफिक्स प्रोसेसर’ एनव्हिडियावर आणि पॉवर ‘मॅक्सिमम’वर केलं होतं. विंडोजच्या यादीत ज्यांना काहीच नेमून दिलं नव्हतं, ते सगळे त्या ग्लोबल सेटिंगने कार्डावर जाऊन बसले होते. दोन्ही परत मूळ जागी आणली: प्रोसेसर ‘ऑटो-सिलेक्ट’, पॉवर ‘नॉर्मल’. रेंडरची वेळ पुन्हा मोजली, 6 मिनिटं 12 सेकंद, म्हणजे ‘मॅक्सिमम’चा उपयोग तसाही नव्हता.

विंडोजच्या यादीत आता स्केचअप आणि ब्लेंडर हाय परफॉर्मन्सला, ब्राउझर आणि व्हॉट्सअ‍ॅप पॉवर सेव्हिंगला. पीडीएफ आणि ऑटोकॅड विंडोजच्या मर्जीवर सोडलेत. टू-डी प्लॅनला इंटेल पुरतं.